व्हिसा लागत नाही म्हणजे नुसता पासपोर्ट घेऊन निघायचं का?

सेलूकडच्या एका सरांनी विचारलंय, बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो म्हणून सविस्तर लिहितो. सर, मॅडम, सरांची आई (वय ७२) आणि १३ वर्षांची मुलगी असे चौघं दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये ९ दिवस थायलंड आणि तिथून मलेशियाला जायलेत. पहिलाच परदेश प्रवास, फक्त आई मागं एकदा धाकट्या मुलाकडं दुबईला जाऊन आल्यात. सर म्हणतात, दोन्हीकडं व्हिसा लागत नाही तर पासपोर्ट न तिकीट एवढ्यावर भागतंय का. आईचा पासपोर्ट पुढच्या मार्चपर्यंत आहे, तो चालतो का. आणि त्यावर कसलातरी शिक्का आहे म्हणून एकानं "ते मी बघून घेतो" म्हणत १५ हजार मागितले, ते द्यायचे का.

सर, मी परभणीत तिकिटाचं आणि परदेश सहलीचं काम १८ वर्षं करतोय. आधी आईच्या पासपोर्टचं बोलतो कारण बाकी सगळं आठवडाभर आधी केलं तरी जमतं, हे जमत नाही. मार्चमध्ये संपणारा पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये चालणार नाही. ज्या दिवशी तुम्ही त्या देशात उतरता त्या दिवसापासून पुढं ६ महिने पासपोर्ट जिवंत पाहिजे, मलेशियाचा नियमच आहे तो आणि थायलंडला जातानासुद्धा एअरलाईनवाले तेवढंच बघतात. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे ४ महिनेच झाले. आता लोक म्हणतात की आम्ही तर ९ दिवसांतच परत येणार, मग ६ महिने कामून? तर तिथं कुणी आजारी पडलं, दवाखान्यात रहावं लागलं, तर त्या माणसाकडं संपलेला पासपोर्ट नको म्हणून. कारण पटो न पटो, काउंटरवरचा माणूस तारीख मोजतो आणि बाजूला उभं करतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१९ साली माझ्याच हातनं हे झालंय. जिंतूर तालुक्यातलं एक कुटुंब होतं, पाच जणं, चौघांचे पासपोर्ट नवे आणि आजोबांचा जुना. मी नवे चार बघितले आणि पाचव्याची फक्त मुदत संपली नाही ना एवढंच बघितलं, महिने मोजले नाहीत. ५ महिने १२ दिवस निघाले. रात्री एकला मुंबईहून त्यांच्या पोराचा फोन आला, मागून आजोबा म्हणत होते तुम्ही जा रे, मी जातो परत, आणि त्यांच्या हातात सगळ्यांसाठी केलेल्या धपाट्यांची पिशवी होती म्हणे. कुणीच गेलं नाही शेवटी, आजोबांना एकटं कसं सोडणार. मी निम्मे पैसे माझ्या खिशातून भरले पण ती सहल काही भरून आली नाही. तेव्हापासून माझ्याकडं कुणीही आलं की आधी पासपोर्ट हातात घेतो, शेवटची तारीख बघतो, परतीच्या नाही तर उतरायच्या तारखेपासून बोटावर महिने मोजतो, मगच चहा सांगतो.

तर आईचा पासपोर्ट याच आठवड्यात रिइश्यूला टाका. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. अर्ज ऑनलाईन, ३६ पानांच्या पुस्तकाची फी १५०० रुपये, तत्काळ पाहिजे असेल तर वरून २०००. अपॉइंटमेंट घेऊन पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जायचं, जुना पासपोर्ट ओरिजिनल न्यायचा. पोलीस व्हेरिफिकेशन लागलं तर ठाण्यातून फोन येतो, त्या काळात आईला घरीच राहू द्या, माहेरी-बिहेरी पाठवू नका, माणूस पत्त्यावर सापडला नाही म्हणून कागद अडकलेले मी लई बघितलेत.

आणि याच अर्जात तो शिक्क्याचा प्रश्न सुटतो, १५ हजार कुणालाही देऊ नका. तुमच्या आईच्या पासपोर्टवर आतल्या पानावर ईसीआर लिहिलंय, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, देश सोडताना तपासणी लागते असं. दहावी झालेली नसली की पूर्वी सरसकट हे यायचं आणि आपल्या भागातल्या आईच्या पिढीतल्या बायका दहावीपर्यंत कुठून शिकणार. ही अट मुळात परदेशात मजुरीला जाणाऱ्या माणसांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. १८ देशांची यादी आहे, आखाती देश तर आहेतच पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियापण त्याच यादीत आहेत, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. फिरायला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, परतीचं तिकीट न हॉटेल दाखवलं की सोडतात, पण शिक्का दिसला की चार प्रश्न जास्त होतात. आणि ५० वर्षांच्या पुढच्या माणसाला तर ही अट लागूच नाही. अर्जात "नॉन-ईसीआर कॅटेगरीत बसता का" असा रकाना आहे तिथं हो करायचं, वयाचा पुरावा जोडायचा, नव्या पुस्तकात तो शिक्का येणारच नाही. एवढंच आहे ते, आणि त्याचे १५ हजार मागायलेत.

अजून एक त्याच अर्जात बघून घ्या, आडनाव. जुन्या पासपोर्टांत बायकांचं पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं गिव्हन नेममध्ये, आणि सरनेमचा रकाना कोरा. तिकिटाच्या सिस्टीममध्ये आडनाव टाकल्याशिवाय पुढंच जात नाही, मग कुणी काहीतरी टाकतं आणि पासपोर्टशी जुळत नाही. दुबईनं तर नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली. म्हणून आताच आडनाव वेगळ्या रकान्यात पाडून घ्या, आधारवरपण तसंच असलं पाहिजे. आपल्याकडं "राव" आणि "बाई" ची पण भानगड असते बगा, एका कागदावर भगवान, दुसऱ्यावर भगवानराव. पासपोर्टवर जे छापलंय तेच तिकिटावर, तेच हॉटेलच्या बुकिंगवर, एक अक्षर इकडचं तिकडं नको.

आता मूळ प्रश्न, व्हिसा नाही म्हणजे काय. व्हिसा लागतो तेव्हा तुमची सगळी चौकशी आधी होते, वकिलातीत कागद जातात, बँक स्टेटमेंट बघतात, नोकरी बघतात, मग पासपोर्टवर चिकटवून देतात. व्हिसा लागत नाही तेव्हा ती चौकशी रद्द झालेली नसते, ती फक्त तिथल्या विमानतळावरच्या काउंटरवर जाते. आत घ्यायचं का नाही हे तिथला अधिकारी तिथंच उभ्या उभ्या ठरवतो आणि नाही म्हणाला तर पुढच्या विमानानं परत. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की व्हिसा नसलेल्या देशाला जाताना फाईल व्हिसा असल्यासारखीच करा, फक्त ती कुठं जमा करायची नाही, हातात ठेवायची.

आणि ती बघणारा पहिला माणूस परदेशातला नसतोच, मुंबईतलाच असतो, एअरलाईनच्या चेक-इन काउंटरवरचा. लोकांना वाटतं हा कोण विचारणारा. पण तिकडून कुणाला परत पाठवलं तर त्याला आणायचा खर्च एअरलाईनवर पडतो आणि वरून दंड, म्हणून ते कॉम्प्युटरवर त्या देशाचे नियम उघडून एकेक अट तुमच्या कागदाशी ताडून बघतात. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. त्याच्यानंतर आपलं इमिग्रेशन, कुठं चाललात, कशासाठी, काय करता, परत कधी. आणि तिसरा तिथं उतरल्यावर. तिघांनाही एकच फाईल दाखवायची, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. सरांनी ९ दिवस सांगितलं आणि मॅडमनी "दहा-बारा दिवस असतील" म्हणलं की संशय येतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं पण समोरच्याला ते कसं कळणार.

फाईल म्हणजे काय तर साधी प्लॅस्टिकची पारदर्शक फोल्डर, स्टेशनरीत मिळते ती, चौघांच्या चार, चार रंगाच्या. प्रत्येकात पासपोर्टची झेरॉक्स, जायचं तिकीट, बँकॉकहून क्वालालंपूरचं तिकीट, क्वालालंपूरहून मुंबईचं तिकीट. हे मधलं तिकीट लई महत्त्वाचं. थायलंडच्या काउंटरवर तुम्ही थायलंड सोडणार कधी हे विचारतात, मुंबईचं परतीचं तिकीट मलेशियातनं असेल आणि मधलं तिकीट "तिथं गेल्यावर बसनं बघू" असं असेल तर तुमच्याकडं थायलंडमधून बाहेर पडायचा कागदच नाही. मग सगळ्या रात्रींची हॉटेल बुकिंग, सगळ्यांची नावं त्यात लिहिलेली, नुसतं "प्लस ३" नको. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तुमचं शाळेचं ओळखपत्र आणि रजा मंजुरीचं पत्र. ट्रॅव्हल इन्शुरन्स. दोन-दोन फोटो. हे सगळं मोबाईलमध्ये असतंच हो, पण उतरल्यावर मोबाईलला नेट नसतं आणि रात्रभराच्या प्रवासात बॅटरी संपलेली असते, म्हणून कागद.

आता त्या दोन देशांचं नेमकं. थायलंडनं १० नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केला, तेव्हा ३० दिवस होते, १५ जुलै २०२४ पासून ६० दिवस केले. हे दिवस कमी करायची चर्चा अधूनमधून तिकडं चालू असते, तुम्हाला ५ दिवसच रहायचंय त्यामुळं तितका फरक नाही पण तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साईटवर एकदा बघाच. १ मे २०२५ पासून तिथं डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे, टीडीएसी म्हणतात, उतरायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाईन भरायचं, मेलवर क्यूआर कोड येतो, त्याची प्रिंट फाईलमध्ये. मलेशियाची व्हिसा माफी १ डिसेंबर २०२३ पासून आहे, ३० दिवस, आणि जाहीर झालेली मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे, त्यापुढच्या तारखेला जाणाऱ्यांनी आधी खात्री करायची. तिथलंही असंच कार्ड आहे, एमडीएसी, तेही ३ दिवस आधी. दोन्ही फुकट आहेत. फुकट. गुगलवर टाकलं की वर पैसे घेणाऱ्या साईटी येतात, दिसायला अगदी सरकारी, माणशी दोन-दोन हजार घेतात आणि तोच फुकटचा फॉर्म भरून देतात. पत्त्याच्या शेवटी थायलंडचं डॉट गो डॉट टीएच आणि मलेशियाचं डॉट गव्ह डॉट एमवाय आहे का एवढं बघा. मलेशियाचं कार्ड तुम्ही थायलंडमध्ये असतानाच भरायची वेळ येईल, तेव्हा मुलीकडं सोपवा, आजकालची लेकरं आपल्यापेक्षा नीट भरतात, फक्त पासपोर्ट नंबर तुम्ही स्वतः वाचून तपासा.

नियम बदलतात म्हणतो ते उगाच नाही. इराणनं ४ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या लोकांना १५ दिवस व्हिसाशिवाय यायला परवानगी दिली होती. मग नोकरीच्या आमिषानं काही जणांना तिकडं नेऊन पळवून नेण्याचे, खंडणी मागण्याचे प्रकार झाले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत थांबवली. दीड वर्षापूर्वी कुणीतरी जाऊन आलेल्यानं सांगितलं म्हणून निघालेला माणूस काउंटरवरच अडकणार. शेजाऱ्याचा अनुभव ऐकायचा, पण तारीख विचारून.

आई बद्दल अजून. दोन्ही देशांत काउंटरवर बोटांचे ठसे घेतात. सेलू-मानवत पट्टा म्हणजे कापसाचा, आयुष्यभर कापूस वेचलेल्या, भांडी घासलेल्या बाईच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेतच नाही. आधारच्या वेळी जो त्रास झाला असेल तोच. माझ्याबरोबर गेलेल्या एक आजी काचेवर बोट दाबून दाबून रडकुंडीला आल्या होत्या, त्यांना वाटलं आपल्यामुळं सगळ्यांना परत पाठवणार. त्याला उपाय आहे, जायच्या आधी आठ-दहा दिवस रोज रात्री बोटांना व्हॅसलीन चोळायचं, आणि विमानातनं उतरल्यावर रांगेत लागायच्या आधी थोडं लावून पुसून घ्यायचं, कोरड्या बोटापेक्षा मऊ बोट लवकर लागतं. आणि आईला आधीच सांगून ठेवा की दोन-चार वेळा घेतील, घाबरायचं नाही. हाताला मेंदी लावून जाऊ नका. रांगेत आईला एकटं पुढं करू नका, काउंटरवर "फॅमिली" म्हणून सांगा, बहुतेक वेळा एकत्र बोलावतात. आईच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा, इंग्रजीत त्यांचं नाव, तुमचा नंबर, हॉटेलचं नाव-पत्ता, बीपी-शुगरची गोळी कुठली. गर्दीत चुकामूक झाली तर आईला नुसतं कार्ड दाखवता आलं पाहिजे.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटासकट, डब्यात सुटी करून नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन लिहून घ्या आणि त्यात औषधाचं मूळ नाव पाहिजे, कंपनीचं नाव तिकडं कुणाला कळत नाही. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध हे प्रिस्क्रिप्शनशिवाय अजिबात नको.

खाण्याचं. आपण मराठवाड्यातली माणसं, बरोबर काही नाही घेतलं तर घरातनं पाय निघत नाही. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू घ्या, काही हरकत नाही, पण चेक-इन बॅगेत आणि नीट पॅक करून. ठेचा, लोणचं, तूप हातातल्या बॅगेत ठेवलं तर मुंबईतच काढून घेतात. सुकं खोबरं नेऊ नका, अख्खी वाटी तर नाहीच, त्यात तेल असतं म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि चेक-इन बॅगेतही चालत नाही. मटण, अंडी, दुधाचे पदार्थ, ताजी फळं, बियाणं नको. खसखशीचं विशेष सांगतो, तुमचं विमान सिंगापूर किंवा दुबईमार्गे असेल तर खसखस असलेला मसाला न लाडू बॅगेत नको, तिथं खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी म्हणून बंदी आहे. आईनं अनारसे केले तर तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, पण अनारशावर खसखसच असते. गुटखा, तंबाखू, पानमसाला पूर्ण बंद, आणि कुणी तरुण मंडळी बरोबर असतील तर ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदेशीर आहे, त्यावरून पोलिसांत प्रकरण जातं. पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही.

मार्गे म्हणलं त्यावरून आठवलं, स्वस्त मिळतंय म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. एकाच तिकिटावर सिंगापूरला विमान बदललं तर बॅग पुढं आपोआप जाते न तुम्ही आतच राहता. वेगवेगळी तिकिटं असली की बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, आणि सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. चार हजार वाचवायला गेलेल्या माणसाचं अख्खं तिकीट वाया गेलेलं मी बघितलंय.

मुलीचा पासपोर्ट लहान मुलांचा आहे, तो ५ वर्षांचा असतो, १० चा नाही, म्हणून तिच्याही ६ महिन्यांचा हिशोब करा. आई-वडील दोघंही बरोबर आहेत त्यामुळं जास्त काही नाही. दोघांपैकी एकच जात असतं तर दुसऱ्याचं संमतीपत्र घ्यायला लावलं असतं.

पैशाचं थोडक्यात. थोडे बाट न रिंगिट इथूनच अधिकृत फॉरेक्सवाल्याकडून पावती घेऊन घ्या, थोडे डॉलर ठेवा, नोटा नव्या, न दुमडलेल्या. भारतीय रुपये जाताना-येताना माणशी २५ हजारांच्या आत. डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, तो बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा. यूपीआय थायलंडमध्ये चालेल या भरवशावर जाऊ नका. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापतात, तो कर रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून पॅन नंबर बरोबर दिलाय का बघा आणि पावती जपा. सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र घाला, पण मोहनमाळ, पोहेहार घालून फोटो काढायची हौस इथल्या लग्नात भागवा. न्यायचंच असलं तर जाताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर येताना हे तिकडून आणलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.

तारखेचा एक खड्डा आहे त्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. तिकिटावर ११ तारीख, वेळ ००:४०. लोक ११ तारखेला रात्री विमानतळावर पोचतात. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. ११ चे ००:४० म्हणजे १० तारखेचं जेवण झालं की लागलीच, १० ला रात्री नऊ वाजता तुम्ही विमानतळावर पाहिजे. परभणीहून रेल्वेनं जाणार तर त्याच दिवशी पोचणारी गाडी धरू नका, एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करा, पाव्हणे असतातच. नांदेड-लातूरकडच्या लोकांना मी मुंबईपेक्षा हैदराबाद सुचवतो, उदगीर-देगलूरवाल्यांना तर ते अगदीच जवळ पडतं, तिथून बँकॉक, क्वालालंपूर दोन्हीकडं विमानं आहेत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुतण्याला पण थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी आहे म्हणून कुणीतरी म्हणतंय, व्हिसा लागत नाही, तुमच्याबरोबरच पाठवायचा का. सर, पाठवू नका. हात जोडून सांगतो. व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश फिरण्यासाठी असतो, त्यावर एक दिवसही काम करता येत नाही. जो माणूस म्हणतो आधी टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर परमिट काढू, तो फसवतोय. अशाच पोरांना बँकॉकहून गाडीत घालून माए सोतमार्गे नदीपलीकडं म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यावर बसवतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत पाचशेवर लोक परत आणावे लागले. आज मुंबईत तरुण पोरं एकटी थायलंडला निघाली की इमिग्रेशनवाले इतकं खोदून विचारतात ते याच्यामुळं, आणि ते बरोबरच करतात. खरी नोकरी असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेला असतो, नाव टाकून बघा. दुष्काळी भागातलं शिकलेलं पोरगं घरी बसलेलं असतं, आईबापाला वाटतं लागू दे कुठं तरी, ते मला समजतं, माझ्या दुकानात रोज येतात असे बाप. पण आधी परवाना, मग विमान.

मॅडमनी पुढच्या वर्षी पशुपतिनाथाचं विचारलंय तेही सांगून टाकतो. नेपाळला पासपोर्टच लागत नाही, पण आधारवर अवलंबून राहू नका, १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदान कार्ड लागतं, आईच्या वयाला आधार चालतं. मतदान कार्ड ओरिजिनल, झेरॉक्स नाही. पैसे शंभराच्या नोटांत न्या, वाद होत नाही. भूतानला पण मतदान कार्ड चालतं, तिथं मात्र माणशी दर रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क म्हणून भरावे लागतात ते बजेटमध्ये धरा. आणि केनियाची जंगल सफारी कधी डोक्यात आली तर पिवळ्या तापाची लस १० दिवस आधी, कारण ती नसली तर परत येताना आपलेच लोक विमानतळावरून ६ दिवस क्वारंटाइनला टाकू शकतात, तिकडं जाताना कुणी विचारलं नाही तरी.

थायलंडमध्ये आत गेल्यावर काउंटर सोडायच्या आधी पासपोर्टवरचा शिक्का वाचा, कधीपर्यंत रहायची परवानगी ते त्यात लिहिलेलं असतं. ती तारीख चुकली तर दिवसाला ५०० बाट दंड, शिक्क्यात चूक दिसली तर तिथंच सांगायची, हॉटेलवर जाऊन कळलं तर धावपळ होते. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, बाहेर फिरताना झेरॉक्स जवळ. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास, ते परत येण्यापुरता इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. दूतावासाचे नंबर चौघांच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

आणि तिकिटं अजून काढू नका. आईचं नवं पुस्तक घरी आलं की लिफाफा फोडून नावाचं स्पेलिंग, आडनावाचा रकाना, जन्मतारीख हे तिघांनी मिळून मोठ्यानं वाचा, आतलं पान बघा शिक्का गेलाय का, चूक असेल तर लगेच दुरुस्तीला टाका. सगळं बरोबर असलं की त्याच नंबरवर तिकीट.